‘संसारोपयोगी साहित्य’ : घरातल्या शब्दांचा इतिहास

एखाद्या वस्तीला आग लागून घरे जळाली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक ठरलेले वाक्य येते : ‘संसारोपयोगी साहित्य जळून खाक झाले.’ पंचनाम्यातही बहुधा हाच शब्दप्रयोग असतो. ह्या दोन शब्दांच्या पोटात काय काय होते, हे कोणी विचारीत नाही. उतरंड होती की नव्हती, बाजा किती होत्या, वाकळी कोणी शिवल्या होत्या, भिंतीवर कोणाची तसबीर होती, ह्याची नोंद होत नाही. संसार आमचा, वस्तू आमच्या. पण त्या सगळ्यांना मिळून नाव एकच, आणि तेही कचेरीने दिलेले.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. पेशवेकालीन वाडे हा भाग शिकवताना एकदा मी फळ्यावर शब्द लिहीत गेले : दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, ओसरी, माजघर, देवघर, मुदपाकखाना, दिवाणखाना, कडीपाट, तक्तपोशी, महिरप, झुंबर. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “मॅडम, आमच्या घरातल्या जागांना असे शब्द नसतात का?” तिचे घर एका खोलीचे. माझेही तसेच होते. त्या दिवशी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम फळ्यावरचे शब्द कोठून आले ते पाहू. मराठीतील गृहसजावटीच्या शब्दसंग्रहावर राज्यकर्त्यांची छाप स्पष्ट आहे. दिवाणखाना, गालिचा, तक्क्या, पडदा, जाजम हे शब्द फारसीच्या वाटेने आले. खुर्ची अरबीतल्या ‘कुर्सी’वरून आली, तसबीर आणि महिरप ह्यांचे मूळही अरबी. सतरंजीचे नाते शतरंजच्या पटावरील चौकटींशी लावले जाते. पलंग हा संस्कृत ‘पर्यंक’चा वंशज. मराठवाड्यात ज्याला आपण अलमारी म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांचा. पुण्याकडे त्याच वस्तूला कपाट म्हणतात, आणि संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. टेबल, स्टूल, कोच हे इंग्रजांबरोबर आले. मराठवाड्यातील गढीवाड्यांच्या दाराशी जी ‘ढेलज’ असते, तीही फारसीतील ‘दहलीज’च. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, १६५३ मध्ये औरंगजेबाने तिला औरंगाबाद केले, १९४८ पर्यंत ती निजामाच्या राज्यात राहिली, २०२३ मध्ये ती छत्रपती संभाजीनगर झाली. राज्ये बदलली, शहराची नावे बदलली. पण लोड, तक्क्या आणि जाजम आपापल्या जागी राहिले. ज्यांनी त्यांवर बसायचे त्यांच्यात मात्र बदल होत गेला.

शब्दांचे हे राजकारण जुन्या लोकांना कळत नव्हते असे नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांच्या नावे ओळखला जाणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, तो राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्याच्या दहा वर्गांत राजाच्या भोवतीच्या वस्तू, कारखाने, शस्त्रे, दुर्ग, लेखन ह्यांचे शब्द आले. राज्य नवे तर शब्दही नवे हवेत, हा त्यामागील विचार होता. पण हा सारा व्यवहार राजवाडा आणि कचेरी ह्यांच्या आतला. तंबू, बिछायती व दिवे ज्यांच्या ताब्यात असत तो फरासखाना एक राजखाते होता. पुण्यात त्याचे नाव एका पोलीस ठाण्याच्या रूपाने आजही शिल्लक आहे. गावकुसाबाहेरच्या बिछान्याला मात्र खाते नव्हते, म्हणून त्याच्या शब्दांना कोशही नव्हता.

पुढे इंग्रजी अमलात मुंबई सरकारच्या शास्त्री-पंडितांनी १८२९ साली ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ केला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती. मोल्सवर्थने गावठी शब्द पुष्कळ घेतले, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. तरीही शब्द आणून देणारे व त्यांचा अर्थ ठरविणारे बहुतेक ब्राह्मण मदतनीस होते. जो ज्या घरात वावरतो त्याच घरातील कोनाडे त्याला ठाऊक असतात. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हे. ज्या व्यवस्थेत कोश करणारा महारवाड्यात पाऊल टाकू शकत नाही आणि महार माजघरात येऊ शकत नाही, त्या व्यवस्थेतील कोश अपुराच राहणार.

आता शब्दांच्या मुळांकडून त्यांच्या उंचीकडे येऊ. मराठीत बसण्याच्या वस्तूंची एक उतरंड आहे. वर गादी, तिला टेकायला लोड आणि तक्क्या. खाली गालिचा, मग सतरंजी, मग जाजम, मग घोंगडी. त्याखाली गोणपाट. सर्वांत खाली नुसती भुई. ‘गादीवर बसणे’ म्हणजे सत्ता मिळणे, हा अर्थ भाषेत उगाच आलेला नाही. चावडीवर पाटील-कुळकर्णी जाजमावर आणि महार पायरीच्या खाली, हात जोडून उभा. बसणे हाच मुळी अधिकार होता. कशावर बसणे हा पुढचा प्रश्न. ‘भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी’ अशी म्हण बहुजन समाजाने केली, कारण भटाला ओसरी दिली जात होती. आम्हाला ओसरी कोणी देऊ केली नाही, त्यामुळे आमच्याविषयी अशी म्हण होण्याचा प्रसंगच आला नाही.

गोणपाटाचा उल्लेख आला की बाबासाहेबांच्या बालपणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आत्मकथनपर लेखनात त्यांनी सांगितले आहे की, शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसण्यासाठी वेगळे गोणपाट असे, आणि शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यावे व सकाळी परत आणावे लागे. फर्निचरचा इतिहास लिहिणारे राजे-महाराजांच्या सिंहासनांची लांबी-रुंदी देतात. माझ्या मते ह्या देशातील आसनांच्या इतिहासात त्या गोणपाटाला स्वतंत्र प्रकरण दिले पाहिजे, कारण रोज घरून आणावे लागणारे आसन जगाच्या इतिहासात फार थोड्या मुलांच्या वाट्याला आले असेल. पुढे त्याच मुलाने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. नागसेनवनातल्या त्या मिलिंद महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून आलेली आमची पोरे पहिल्यांदा बाकावर बसली. कोणी कोणाशेजारी बसावे हे तेथे जात ठरवीत नव्हती. ‘बाक’ हा किरकोळ शब्द आहे, पण आमच्या पिढ्यांच्या दृष्टीने तो गादीपेक्षा मोठा आहे.

वस्तू वापरण्यावर बंदी, हा ह्याच इतिहासाचा दुसरा भाग. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) बाबासाहेबांनी अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावचा १९३५ सालचा प्रसंग नोंदविला आहे. बऱ्या स्थितीतील अस्पृश्य घरांतल्या बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, एवढ्यावरून त्यांच्यावर हल्ला झाला. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हेही त्याच पुस्तकात त्यांनी सांगितले आहे. मडके आणि झाडू ह्या दोन्ही घरातल्याच वस्तू. म्हणजे एकीकडे आमच्या घरात तांब्या-पितळ येऊ द्यायचे नाही आणि दुसरीकडे घरातील हलक्यात हलक्या वस्तू आमच्या अंगावर खुणेसारख्या लटकवायच्या. अशा समाजात ‘गृहसजावट’ हा शब्द सर्वांना सारखाच लागू होता असे कोण म्हणेल?

आणि तरीही वाडा आमच्या हातांवाचून उभा राहत नव्हता. बाजेचे सुंभ, विहिरीचा दोर, शिंके हे मांगाने वळलेल्या दोरखंडाचे. सूप, दुरडी, टोपली, कणगी बुरुडाच्या हातची. कोकणात तर हे बांबूचे काम महारही करीत. केरसुणी मांगवाड्यातून येई. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहायचे, आणि ती बांधणाऱ्या बाईने मात्र ती अंगणाच्या कडेला ठेवून मागे सरायचे. उंबरठा वस्तूंना अडवीत नव्हता, माणसांना अडवीत होता.

वाड्याचे खालून पाहिलेले वर्णन मराठीत प्रथम एका मुलीने केले. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्यांनी त्यांच्या पायांत मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरण्याचा क्रम चालविला होता, असे ती त्यात लिहिते. मी फळ्यावर तेरा शब्द लिहिले होते. त्यांत ‘पाया’ नव्हता. मुक्ताने तो शब्द पावणेदोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता आणि मला एम.ए. होईपर्यंत कोणी तो वाचायला सांगितला नाही. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जोतिरावांनी कर्जबाजारी कुणब्याच्या घराचे, त्यातील मोडक्या-तुटक्या वस्तूंसकट वर्णन केले. गरिबाच्या घरातील वस्तूंची नावे घेणे हा पुरावा असतो, ही दृष्टी त्यांनी दिली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. आमच्या घरात शब्द होते, आणि भरपूर होते. मराठवाड्यात ज्याची थोडी ऐपत त्याचे माळवद, नाही त्याचे कुडाचे घर. कूड तुऱ्हाट्यांचा किंवा पळाट्यांचा, वर पाचटाचे सपर. भिंतीला पांढऱ्या मातीचे पोतेरे, भुईला शेणाचे सारवण. भिंतीत दिवळी, तिच्यात चिमणी आणि वर काजळीचा डाग. खुंटीला सदरा, आढ्याला शिंके. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात रांजण, तिसऱ्यात उतरंड. उतरंड म्हणजे खाली मोठे मडके, वर लहान, त्यावर त्याहून लहान. माझी आजी तिसऱ्या मडक्यात पैसे ठेवी, आणि दुष्काळात उतरंड किती उंच राहिली ह्यावरून घराची अवस्था सांगे. अंथरायला पोते, पांघरायला वाकळ. वाकळीत कोणाच्या लुगड्याचा तुकडा कोठे बसला हे आजीला अंधारातही बोटांनी कळे. एकाच खोलीत चुलीपाशी, उंबऱ्यापाशी, कोपऱ्यात, दिवळीखाली अशा जागा होत्या आणि प्रत्येक जागेचा मान ठरलेला होता. खोल्या नव्हत्या म्हणून जागांना नावे नव्हती, हे खरे नाही.

ह्या शब्दांत बहुतेक शब्द बायकांचे आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. दिवाणखाना पुरुषांचा; पोतेरे, सारवण, वाकळ, उतरंड बायकांची. म्हणून हे शब्द दुहेरी मागे पडले : एकदा जातीमुळे, दुसऱ्यांदा ते बाईच्या हातचे म्हणून. आमच्या चळवळीनेही ह्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, हे आपण आपसात तरी कबूल करावे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घराच्या आतील मांडणीत मोठा बदल झाला. देव्हारा गेला, टाक गेले. कित्येकांनी ते नदीत सोडले. त्या जागी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. कोणत्याही वाड्याच्या सजावटीत एवढ्या थोड्या काळात, एवढ्या घरांतून, एवढा विचारपूर्वक बदल झाल्याचे मला माहीत नाही. इतिहासकार त्याला धर्मांतर म्हणतात; घराच्या दृष्टीने पाहिले तर एका भिंतीचा अर्थ बदलला.

ज्या धम्मात आपण गेलो त्याने आसनांचा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. पाली भाषेत बिछाना आणि बैठक ह्यांना मिळून ‘सेनासन’, म्हणजे शयन-आसन, असा शब्द आहे. विनयपिटकातील ‘चुल्लवग्गा’त ह्यावर स्वतंत्र प्रकरण असून मंच, पीठ, गादी, उशी ह्यांचे नियम त्यात आहेत. त्यातच एक प्रसंग आहे. पहिले आसन, पहिले पाणी आणि पहिले अन्न कोणाला मिळावे, असे बुद्ध भिक्षूंना विचारतात. कोणी म्हणतो क्षत्रिय कुळातून आलेल्याला, कोणी म्हणतो ब्राह्मण कुळातून आलेल्याला. बुद्ध ही उत्तरे नाकारतात, तित्तिर, माकड आणि हत्ती ह्यांची गोष्ट सांगतात आणि मान ज्येष्ठतेने ठरेल, जन्माने नव्हे, असा नियम घालून देतात. अष्टशीलातील उंच व मोठ्या शय्येचा त्याग आपल्यापैकी अनेक जण उपोसथाला म्हणतात. अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या विहारात भिक्षूंच्या खोल्यांतून दगडात कोरलेल्या शय्या अजून आहेत. सहलीला गेलेली पोरे चित्रांच्या लेण्यांकडे धावतात. त्यांना ह्या साध्या दगडी शय्याही दाखवाव्यात, असे मी शिक्षकांना सुचवीन.

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला. आज दोनशे वर्षांनी तेथे गेलेल्या शाळकरी मुलालाही सांगितले जाते की येथे गणपती रंगमहाल होता, येथे नाचाचा दिवाणखाना होता, येथे आरसेमहाल होता. वाडा गेला, शब्द राहिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे ह्यांना जीव गमवावा लागला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत हा लढा चालला. ह्या आगींत काय जळाले? ‘संसारोपयोगी साहित्य.’ कोणाची उतरंड, कोणाची वाकळ, कोणाच्या पहिल्या पदवीची चौकट, कोणाची पुस्तकांची पत्र्याची पेटी, हे सांगणारा फलक कोठेही नाही. एका आगीतील दालनांची नावे पाठ आहेत, दुसऱ्या आगीतील घरांची संख्याही लोक विसरत चालले आहेत. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण गावाने आमच्यासारख्यांचा ताठा दाखवायला वापरली. सुंभ वळणारे आपणच होतो, तेव्हा पीळ कसा राहतो हे आपल्याला अधिक ठाऊक.

एक गोष्ट मात्र घडली. ‘साहित्य’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या लेखकांनी कामाला लावला. त्याच १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे ‘आठवणींचे पक्षी’, १९८६ मध्ये बेबी कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले, आणि २००३ मध्ये ऊर्मिला पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हेच नाव दिले. आयदान म्हणजे बांबूच्या वस्तू, ज्या त्यांची आई विणीत असे. जे शब्द कोशात नव्हते किंवा कोशाच्या कडेला होते, ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आले. पंचनाम्याने जे लिहिले नाही ते आत्मकथनांनी लिहिले.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. आज मोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर सुपे टांगलेली असतात, कोपऱ्यात जाते आणि कंदील मांडलेला असतो, दुकानात गोधडी भारी किमतीला मिळते. वस्तू आत आली, तिचा पीळ वळणारा पुन्हा बाहेर राहिला. आपणही त्या दारिद्र्याचे कौतुक करू नये. माझी आई वाकळ हा शब्द पाहुण्यांपुढे उच्चारू देत नाही. तिला चादर म्हणायचे असते, आणि तो तिचा हक्क आहे. तिने हप्त्यांवर घेतलेले लोखंडी कपाट आणि माझ्यासाठी आणलेले टेबल हीही आमच्या इतिहासाचीच साधने आहेत. शब्द जपायचे ते त्यांत परत राहायला जाण्यासाठी नव्हे, आपण कोठून निघालो ह्याचा पुरावा आपल्या हाती असावा म्हणून. हा प्रश्न जुना झालेला नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच बाईंना खुर्ची न देता खाली बसविल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून अजून येतात. आसनांची उतरंड मोडलेली नाही.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक साधे काम सुचवते. प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत वयस्क बाईजवळ बसावे आणि तिच्या पहिल्या घरातील वस्तूंची नावे लिहून घ्यावीत : वस्तू कशाची होती, कोणी केली, कोठे ठेवीत, तिला हात कोण लावू शकत नव्हते. गावाचे नाव आणि साल लिहावे. ज्या गावांनी १९७८ पाहिले तेथे जळालेल्या वस्तूंची यादी करावी, सांगणारी माणसे आहेत तोवर. ह्यासाठी अनुदान लागत नाही, वही लागते.

त्या मुलीला मी हेच सांगितले. पुढच्या आठवड्यात तिने आजीकडून लिहून आणलेली दोन पाने माझ्या टेबलावर ठेवली. त्यांतील चार शब्द मलाही माहीत नव्हते. दिवाणखान्याच्या शेजारी ते मी फळ्यावर लिहिले.